भोरड्यांचा शेवटचा शॉट

डेन्मार्कच्या दक्षिण टोकाला, टोंडरच्या पाणथळात ऑक्टोबर लागला की सकाळ कुठे संपते आणि दुपार कुठे सुरू होते याचा पत्ता लागत नाही. धुकं उठतं, पण पुरतं उठत नाही. बांधावरच्या मेंढ्यांना पाय आहेत की त्या नुसत्याच हवेत चरतायत, हे जवळ गेल्याशिवाय कळत नाही. अशा जागी एक तर सिनेमा काढायला येऊच नये, नाहीतर मग इथेच यावं. विबेके आली होती.

विबेकेचा सिनेमा होता एका शेतकरणीचा. नवरा गेल्यावर त्याचा घोडा विकायला निघालेली बाई, आणि तिला तो काही विकवत नाही, एवढीच गोष्ट. शेवटी ती बांधावर एकटी उभी राहते आणि तिच्या डोक्यावर काळा सूर्य उगवतो. इकडचे लोक त्याला काळा सूर्यच म्हणतात. दिवस मावळताना भोरड्यांचे थवे बोरूच्या बनात झोपायला येतात, आणि झोपण्याआधी लाख लाख पक्षी मिळून आभाळात असे काही फिरतात, की खरा सूर्य असला नसला सारखाच. या शॉटसाठीच सगळा सिनेमा होता. विबेके तसं उघड बोलून दाखवायची, आणि बाकीच्या शॉटसाठी राबलेल्या माणसांना ते मुळीच आवडायचं नाही.

मेरेटेचं काम पडद्यावर कुणाला दिसत नसे. कॅमेऱ्यातून कार्ड निघालं की ते तिच्या हातात यायचं. बांधामागे उभ्या केलेल्या व्हॅनमध्ये बसून ती त्याच्या दोन डिस्कवर दोन प्रती करी, दोन्ही मुळाशी ताडून बघी, आणि ती "हं" म्हणेपर्यंत त्या कार्डाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. पुढे कोपनहेगनला जाऊन याच चित्रांचे रंगही तीच जुळवणार होती. दिवसभर डोळ्यांत तेल घालून बघितलेलं झोपेतही तिच्यासमोर येई, रंग बदलून. कधी मेंढ्या निळ्या असत, कधी पाणी उभं असे. तिला ते आवडायचं. जागेपणी काय आणि झोपेत काय, आपण एकाच कामावर आहोत असं तिला वाटे, आणि पगार मात्र एकाच पाळीचा मिळतो असं ती गमतीने म्हणे.

तिला बघायला शिकवलं ते कॅमेरावाल्या एस्किलने. ती मुळात त्याच्या कॅमेऱ्याची गाडी चालवायला आली होती. एकदा वाटेत गाडी थांबवायला लावून तो म्हणाला होता, "त्या भिंतीवर किती पांढरे आहेत, सांग." तिने एकच सांगितला. त्यावर तो इतका हसला की तिला राग आला, आणि त्या रागापायी ती संध्याकाळपर्यंत त्या भिंतीसमोर बसून राहिली. तेव्हापासून त्याने केलेल्या प्रत्येक सिनेमात ती होती. तो आता साठीच्या पुढे गेला होता. येत्या वसंतात ग्रीनलंडला बर्फावरचा एक मोठा सिनेमा त्याला मिळाला होता. तसल्या सिनेमाची वाट बघण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं.

त्या दिवशी दुपारी घोड्याचं काम होतं. घोडा बांधावरून मोकळा सुटतो आणि धावतो, ती धाव विबेकेला संथ हवी होती, पाण्याखालून धावल्यासारखी. इथे कॅमेऱ्याची एक खोड सांगायला हवी. एरवी तो रॉ लिहितो. रॉ म्हणजे मातीसकट आणलेले बटाटे. त्याच्या डोळ्यावर जो उजेड पडला तो सगळा, न धुता, न सोलता ठेवून द्यायचा, पुढे त्याचं काय हवं ते करता येतं. पण चाल संथ दिसायला चित्रं फार भराभर घ्यावी लागतात, आणि इतक्या भराभर रॉ लिहिणं त्या कॅमेऱ्याला झेपत नाही. मग त्याला लहान कोडेकवर न्यावं लागतं. कोडेक म्हणजे चित्र लिहायची रीत. लहान कोडेक हुशार असतो, आणि हुशार माणसांसारखाच थोडा आळशी. पहिलं चित्र तो पूर्ण लिहितो, पुढच्यात मात्र जे बदललं तेवढंच. आभाळ तेच ना? मग परत कशाला लिहायचं? हे झाले कुस्करलेले बटाटे. लागतात चांगले, पण त्यांचे परत बटाटे होत नाहीत. एका घोड्यापुरतं ते चालून जातं.

घोडा धावला. मग एस्किलने कॅमेरा उचलला आणि सगळे घाईघाईने पुढच्या बांधावर गेले, कारण भोरड्या कुणासाठी थांबत नाहीत. तो बांध व्हॅनपासून इतका लांब होता की मेरेटेच्या मॉनिटरवर चित्र पोचेचना, नुसत्या मुंग्या दिसत होत्या. व्हॅनच्या दारात उभं राहून तिने लांबूनच काळा सूर्य बघितला. आधी एक धुराची रेघ, मग दुसरी, मग सगळं आभाळच कुणीतरी हळूहळू कुशीवर वळवतंय असं. आवाज येत नव्हता. किती वेळ गेला तिला कळलं नाही.

कार्ड आलं तेव्हा थोडा उजेड उरला होता. तिने फायलींचा आकार बघितला, मग परत बघितला. एवढ्या लांब शॉटच्या मानाने त्या फारच लहान होत्या. तिने शॉट लावला. सुरुवातीला सगळं ठीक होतं. बांध, बाई, पिवळसर आभाळ. मग भोरड्या आल्या आणि चित्राचा धीर सुटला. लाखभर पक्षी, प्रत्येकाची दिशा निराळी, आणि बदललं तेवढंच लिहिणाऱ्याला सगळंच बदललेलं! तो बिचारा कुठेकुठे पुरणार? पक्ष्यांचे चौकोन झाले, चौकोनांचा चिखल झाला, आभाळाला पायऱ्या पडल्या. घोड्यानंतर कॅमेरा रॉवर परत आणायचा राहून गेला होता.

राहून कसा गेला, हेही तिला लगेच दिसलं, आणि ते जास्त वाईट होतं. गेल्या आठवड्यात कॅमेऱ्यात नवं सॉफ्टवेअर घातलं होतं. त्याने यादीत वरच्या बाजूला एक ओळ वाढली होती. यादी वाचणारा माणूस चुकला नसता. बटण किती वेळा दाबायचं हे बोटांना पाठ असलेला माणूस मात्र बरोबर एक ओळ अलीकडे थांबला असता. एस्किल एक ओळ अलीकडेच थांबला होता.

तेवढ्यात तो स्वतःच आला. एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात राय धान्याच्या पावाच्या केकचा तुकडा.

"हा तुझा. नीसने दोन खाल्ले, तिसऱ्यावर त्याचा डोळा होता. काय म्हणतोय सूर्य?"

"बघतोस?" एवढंच मेरेटे म्हणाली.

तिने शॉट परत लावला आणि वाट बघत राहिली. आता हा शिव्या घालणार, कॅमेऱ्याला, सॉफ्टवेअरला, बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांना. काचेवरचा केसभर डाग त्याला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसायचा. एस्किल मॉनिटरवर वाकला. आभाळाचा चिखल त्याच्या चष्म्यावर सरकत होता.

"वा," तो म्हणाला. "वा, वा. बघ पोरी, बघ. एकेक पक्षी मोजून घ्यावा."

तिला वाटलं, थट्टा करतोय. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो थट्टा करत नव्हता. लहान मुलासारखा खुलला होता.

"याला म्हणतात रॉ," तो म्हणाला. "पिसं दिसतायत, पिसं. काय गं, बोलत का नाहीस?"

"काही नाही. दमले."

"केक खा मग."

तो गेला, आणि मेरेटे हातात केक धरून तशीच बसून राहिली. उन्हाळ्यापासूनच्या कितीतरी गोष्टी आपोआप एकमेकींशेजारी येऊन बसल्या. कामाचे कागद तो तिच्याकडून वाचून घ्यायचा, चष्मा विसरलो म्हणून. गाडी चालवायचा कंटाळा आला म्हणाला होता. परवा विबेकेने लांबून हात केला तेव्हा त्याने भलत्याच बाईला हात केला होता, आणि सगळे हसले होते, तोही हसला होता. याचे डोळे गेलेत, मेरेटेने मनाशी म्हटलं, आणि तिला इतकं वाईट वाटलं की ती केक बाजूला ठेवून डिस्क पुसत बसली. डिस्क स्वच्छच होत्या.

नीस आवाजाचं काम बघायचा. तो इथलाच, पलीकडच्या गावचा. व्हॅनच्या दारात डोकं घालून तो म्हणाला, "उद्या वारा पूर्वेचा होणार. परवा पहाटे दहिवर गोठलं की भोरड्या चालल्या इंग्लंडला. ज्याला जे काढायचं ते उद्या काढून घ्या. मग म्हणू नका नीसने सांगितलं नाही. वाऱ्याचं विचारायला नीस, आणि विबेकेशेजारी जेवायला बसायला दुसरेच!"

म्हणजे एकच संध्याकाळ उरली होती. मेरेटेने गणित मांडलं. खरं सांगितलं तर एस्किलच्या हातातून कॅमेरा जाणार, आज हा आणि वसंतात तो बर्फावरचाही. डोळे गेलेल्या कॅमेरावाल्याचा विमा कोण उतरवणार? नाही सांगितलं तर उद्या ती त्याच्या खांद्याशी उभी राहील, कॅमेऱ्यावरची बारीक अक्षरं स्वतः वाचेल, आणि शॉट मिळेल. पुढचं पुढे. झाकली मूठ सव्वा लाखाची. राहता राहिला प्रश्न आजच्या चुकीचा. ती कुणाच्या तरी नावावर टाकायला हवी होती, आणि मेरेटेचं नाव मोकळं होतं.

त्यासाठी तिकडच्या सिनेमावाल्यांत एक सोयीची रीत आहे. काम करताना जो घोटाळा करील त्याने सगळ्यांना बिअर पाजायची. मग कुणी बोलत नाही, कुणी रागावत नाही. पण नियम पक्का आहे. बिअर प्यायली की चूक संपली. पुन्हा तिचं नाव काढायचं नाही, थट्टेतसुद्धा नाही. त्या लोकांनी मोठमोठी भांडणं अशी पिऊन टाकली आहेत.

रात्री गावातल्या सराईत सगळे जेवायला बसले तेव्हा मेरेटेने बिअरचा खोका आणून टेबलाच्या मधोमध ठेवला.

"अरे देवा," नीस म्हणाला. "ही बाई कधी चुकली नव्हती. नक्कीच मोठं काहीतरी असणार."

"मोठं आहे," मेरेटे म्हणाली. "आजचा भोरड्यांचा शॉट लहान कोडेकवर गेला. पक्ष्यांचा चिखल झालाय. घोड्यानंतर कॅमेरा रॉवर आला की नाही हे बघणं माझं काम होतं. माझ्याकडे चित्र पोचत नव्हतं तर मी चालत जायला हवं होतं. नाही गेले. चूक माझी."

विबेकेने काटा खाली ठेवला. ती कधी ओरडत नसे. ती पांढरी पडे, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट असे. "सगळा?"

"सगळा. उद्या परत घेऊ. उद्या मी कॅमेऱ्याजवळच उभी राहीन."

विबेकेने खोका आपल्याकडे ओढला. मग एक बाटली उचलून ती म्हणाली, "माझ्या आईचा अंत्यविधीसुद्धा मी एवढा मनापासून केला नव्हता गं, जेवढा हा शॉट." आणि तिने उसासा टाकला. "बरं. रीत ती रीत. उघडा."

बाटल्या हातोहात फिरल्या. झाकणं उडाली. मेरेटेचा जीव भांड्यात पडला.

"पिऊ नका," एस्किल म्हणाला.

तो टेबलाच्या टोकाशी बसला होता. त्याने आपल्या बाटलीच्या तोंडावर तळहात ठेवला होता.

"ही बिअर पिऊ नका. प्यायलात तर मला पुन्हा बोलता येणार नाही."

"एस्किल," मेरेटे म्हणाली.

"तू गप. तू मला मघाशी तो चिखल दाखवलास. मी काय म्हणालो? सांग यांना मी काय म्हणालो."

मेरेटेने समोरची बाटली बाजूला सरकवली.

"पिसं दिसतायत म्हणालो!" एस्किलने तिच्याकडे बोट केलं, पण बोट थोडं चुकून नीसवर गेलं. "आणि हिने ऐकून घेतलं. मला केक खायला सांगावा लागला, इतकं हिचं तोंड उतरलं असणार. ते तोंडही मला दिसलं नाही, नुसता आवाज ऐकला. परीक्षा घेत होतीस माझी?"

"नाही रे. मला वाटलं तू शिव्या देशील. शिव्या दिल्या असत्यास तर किती बरं झालं असतं."

नीसने बाटली हळूच खाली ठेवली.

"कॅमेरा मी लावला," एस्किल म्हणाला. आता त्याचा आवाज उतरला होता. "बोटांनी लावला. मार्चपासून बोटांनीच लावतोय. डॉक्टर म्हणतो, हे परत येत नाही, हळूहळू वाढतं. मी म्हटलं, भोरड्या होऊ देत. मग म्हटलं, बर्फ होऊ दे. मग आणखी काहीतरी म्हटलं असतं. ही पोरगी आयुष्यभर माझ्यासाठी बिअर आणत राहिली असती आणि मी पीत राहिलो असतो. लाज वाटते मला, विबेके. तुझा शॉट मी घालवला."

विबेके उठली. ती त्याच्याजवळ गेली, त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली, आणि शेवटी कामाचंच बोलली. "उद्या कॅमेऱ्यावर कोण?"

"मेरेटे."

"मी?" मेरेटे म्हणाली. "मी कधी मोठा शॉट घेतलेला नाही. मी लोकांनी घेतलेलं सांभाळते."

"एवढी वर्षं प्रत्येकाचा प्रत्येक शॉट बघितलायस, माझेही सगळे घोटाळे बघितलेयस. तुझ्याइतकं बघितलेलं दुसरं इथे कोण आहे? नीस? तो केक बघतो."

"मी ऐकतो," नीस म्हणाला. "बघायचे पैसे मला कुणी देत नाही."

लोक हसले, आणि हसता हसता विबेकेने डोळे पुसले. मग एस्किलने बाटलीवरचा हात काढला. "आता प्या," तो म्हणाला. "ही माझी." सराईवाल्या बाईने तो खोका मेरेटेच्या नावावरून त्याच्या नावावर लिहिला, आणि सगळ्यांनी ती बिअर मुकाट्याने संपवली. नंतर ग्रीनलंडचं नाव त्या टेबलावर कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी वारा खरंच पूर्वेचा झाला. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. धुकं फक्त बोरूच्या पायाशी उरलं होतं, आणि त्यावर सगळा मुलूख जरा तरंगल्यासारखा वाटत होता. बांधावर तिवईवर कॅमेरा उभा होता. मेरेटेने कोपऱ्यातली बारीक अक्षरं मोठ्याने वाचली, "रॉ," आणि विबेकेने ती स्वतः येऊन परत वाचली. नटी आपल्या जागी जाऊन उभी राहिली. एस्किल मेरेटेच्या डाव्या हाताला एका मोडक्या स्टुलावर बसला. येऊ का, असं त्याने सकाळी विचारलं होतं. असं त्याने पूर्वी कुणालाच कधी विचारलं नव्हतं.

कॅमेऱ्यात डोळा घातला की जग एवढंसं होतं आणि त्या एवढ्याशाचा सगळा भार आपल्यावर येतो, हे मेरेटेला आजवर माहीत नव्हतं.

"श्वास घे," एस्किल म्हणाला. "ते येतील तेव्हा त्यांच्यामागे धावू नकोस. आभाळ धरून ठेव, ते आपोआप त्यात येतील."

आणि ते आले. जर्मनीच्या बाजूने एक पातळ सावली उठली, मग पाण्यावरून दुसरी, आणि दोन्ही एकमेकींत अशा मिसळल्या, की जणू झोपेत कुणी कूस बदलावी. आवाज आता जवळून येत होता, लाखो पंखांचा, दाट रेशमी. थवा लांबला, आखडला, बाईच्या डोक्यावर येऊन काळा झाला, पुन्हा विरळ झाला. प्रत्येक पक्षी कॅमेऱ्यात स्वच्छ होता. मेरेटेला वाटलं, हे सगळं या माणसाला सांगायला हवं.

"डावीकडून मोठा थवा येतोय," ती कुजबुजली. "आता तो—"

"सांगू नकोस. दिसतोय मला."

तिने मोकळ्या डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे बघितलं. एस्किलचं तोंड दुसरीकडेच होतं. भोरड्यांकडे पाठ फिरवल्यासारखं, पार बांधातल्या पाण्याच्या दरवाज्याकडे आणि मेंढ्यांकडे.

"एस्किल, अरे, ते इकडे आहेत."

"माहीत आहे. समोर बघितलं की बरोबर मधे राखाडी डाग बसतो, आणि ज्याच्याकडे बघावं तेच खाऊन टाकतो. तोंड फिरवलं की कडेने येतं. कडेला अजून सगळं आहे. काल मी उगाच शहाणपणा करून सरळ बघत होतो." तो हसला. तोंड तिकडेच ठेवून, मान जराशी कलती करून तो काळा सूर्य बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर असं सुख होतं की मेरेटेला ते बघवेना. "तू तुझ्या कामाकडे बघ, पोरी."

थवा वळला, पुन्हा एकदा सगळं आभाळ व्यापून आला. मेरेटेचा उजवा डोळा कॅमेऱ्याला लावलेला होता आणि तो कोरडा ठेवणं भाग होतं, नाहीतर समोरचं सगळं विरघळलं असतं. म्हणून ती डाव्या डोळ्याने रडली. पाणी गालावरून हनुवटीपर्यंत आलं, तिने ते पुसलं नाही, कारण दोन्ही हात कॅमेऱ्यावर होते. एस्किलला ते कडेने दिसलं की नुसतं ऐकू आलं, कोण जाणे.

"रड खुशाल," तो म्हणाला. "फ्रेम हलवू नकोस."

तिने हलवली नाही.